हात वर केल्याशिवाय उजेड नाही

नाटकाच्या थिएटरात प्रेक्षकांच्या मागे, वर भिंतीत, एक चौकोनी खिडकी असते. तिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. बघायचं कशाला? बघण्यासारखं सगळं समोर. पण त्या खिडकीमागे स्टुलावर एक माणूस बसलेला असतो, आणि समोरचं जे दिसतं ते तो दाखवतो म्हणून दिसतं. या थिएटरच्या खिडकीत जो माणूस चाळीस वर्षं बसला त्याला सगळे उजेडमामा म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, आणि ते तिथेच सुखी होतं.

मामाकडे एक मोठा दिवा होता. लोखंडी, काळा, पोटाशी धरून फिरवायचा. त्याचा गोल उजेड नटाच्या पायाशी पडला की नट चालेल तिकडे तो चालायचा. नट थांबला की थांबायचा, रडला की थोडा लहान व्हायचा. लोक म्हणत, नटाला तेज आहे. मामा वर बसून मान डोलवायचा. असू दे, असू दे.

मामाचा एकच नियम होता. खेळाआधी, खुर्च्या रिकाम्या असताना, प्रत्येक नटाने स्टेजवर यायचं आणि हात वर करायचा. मग मामा त्याच्यावर उजेड टाकायचा. हात वर नाही, तर उजेड नाही. वर केलेल्या हाताचा अर्थ एवढाच की मी इथे आहे, तू तिथे आहेस, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे.

एकदा मोठ्या नावाचा एक पाहुणा नट आला. म्हणाला, "मी काय शाळेत आहे हात वर करायला?"  पहिल्या प्रवेशात नट डावीकडे, आणि उजेड उजवीकडे टेबलावरच्या फुलदाणीवर. प्रेक्षकांना फुलदाणी फार आवडली. दुसऱ्या दिवशी नटाने आल्या आल्या दोन्ही हात वर केले.

मामी त्याच नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होती. विंगेत उभी राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. ती सवय इतकी मुरली की घरीही समोरच्याचं वाक्य तीच पुरं करायची. मामाने "अगं, आज जरा..." म्हटलं की "चहा जास्त झालाय, मिळणार नाही" हे ऐकायला यायचं. मामाची बहीण त्याच मंडळीत नटी होती. ती स्टेजवर गेली की तिची लहान मुलगी वर मामाच्या स्टुलाच्या कडेला चिकटून बसायची, म्हणून तिचं नाव पडलं चिमणी. चिमणीला इतक्या उंचावरून आईचा चेहरा नीट दिसायचा नाही. दिसायची भांगाची रेघ, खांदे आणि चाल. काळोखात सहा बायका स्टेजवर आल्या तरी ती बोट दाखवायची, "ती आई." कधी चुकली नाही. मामाला त्याचं केवढं कौतुक! जो भेटेल त्याला सांगायचा, "पोरीला माझी नजर आहे."

पुढे बहीण गेली. चिमणी मामा-मामीच्या घरातच मोठी झाली.

मामाची नजर मात्र एकदा चुकली होती. ती गोष्ट तो कुणाला सांगत नसे.

झालं असं की एका नाटकात नायकाला नवे बूट केले होते. ते चावत होते. मंडळीच्या शिंपीदादांचा पाय नायकाच्याच मापाचा, म्हणून बूट सैल करायला आठ दिवस दादाच ते घालून हिंडले. डाव्या टाचेत एक खिळा वर आला होता, त्यामुळे तो बूट जो घालील त्याचा डावा पाय किंचित ओढला जायचा. तालमीत नायक तसाच चालला. मामाने ती चाल मनात टिपून ठेवली. पहिल्या खेळाला, ब्लॅकआउटमध्ये, कुणाच्या तरी लक्षात आलं की खुर्चीवर रुमाल ठेवायचा राहिलाय. शिंपीदादा लगबगीने आत गेले, पायात तेच बूट. नायक विंगेत मोज्यांवर उभा राहून त्यांच्या परतण्याची वाट बघत होता. वर मामाला काळोखात ओढता डावा पाय दिसला, आणि त्याने भरभरून उजेड टाकला.

गळ्यात माप घ्यायची टेप, ओठांत सुई, अंगात घामट बनियन. आणि समोर आठशे माणसं. शिंपीदादांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी वाकून नमस्कार केला. थिएटर असं हसलं की छप्पर उडेल.

खेळ संपल्यावर मामा तेवीस पायऱ्या उतरून खाली आला. स्टेजच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्या मंडळींसमोर म्हणाला, "चूक माझी. दादा, माफ करा." शिंपीदादा कोपऱ्यात बसून बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "उजेड लागला हो मामा. भाजल्यासारखा लागला."

त्यानंतर ते स्टेजच्या कडेलाही कधी आले नाहीत. शिवणाची खोली बरी म्हणाले. मामाला मात्र पुष्कळ वर्षं दुपारच्या झोपेत एकच दिसायचं. काळोख, काळोखात एक गोल, आणि गोलात बनियन घातलेला माणूस वाकून नमस्कार करतोय. गोल हलवावा तर हात हलत नाहीत.

चिमणीला नोकरी लागली तेव्हा मामाने सगळ्या थिएटरला पेढ्यासारखी बातमी वाटली. सैन्यात, पण बंदूक नाही, खंदक नाही. एका थंडगार खोलीत खुर्ची आणि पडदा. दूर कुठेतरी ड्रोन आकाशात घिरट्या घालतो, त्याला दिसतं ते पडद्यावर येतं, आणि चिमणीने ते बघायचं.

"म्हणजे माझंच काम," मामा म्हणाला.

"तुमचं काम फुलदाणी दाखवायचं," मामी म्हणाली. "तिचं वेगळं असेल."

तेव्हा हसण्यावारी गेलं.

चार वर्षांनी एका शुक्रवारी सकाळी चिमणी न कळवता घरी आली. दोन दिवसांची रजा. गालफडं बसलेली, आणि डोळे समोरच्यावर ठरत नव्हते. खुर्चीवर बसून ती फरशीवरच्या मुंग्यांची रांग बघत राहिली. वरून. मामीने ताट वाढलं, ते तसंच निवलं.

"बोल की गं," मामी म्हणाली. "का मी वाक्य देऊ?"

चिमणी हसली, आणि हसता हसता सांगून बसली. सगळं सांगायची परवानगी नव्हती. कुठला देश, कुठलं गाव, ते तिने सांगितलं नाही आणि मामाने विचारलं नाही. एक अंगण होतं. एकेचाळीस दिवस ती ते बघत होती. त्या घरात एक माणूस लपलाय अशी खबर होती. त्याने काय काय केलंय त्याची फाइल तिने वाचली होती, आणि ती वाचून दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं. त्याच्या जुन्या दुखापतीमुळे डावा पाय ओढतो असं फाइलीत लिहिलं होतं. आणि अंगणात पाय ओढत चालणारा माणूस तिने दुसऱ्याच दिवशी हेरला होता.

"सोमवारी मला एक शब्द बोलायचाय," ती म्हणाली. "'तोच.' एवढंच. बटण दुसऱ्याचं असतं, हुकूम तिसऱ्याचा. मी फक्त बघते."

मामाने खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाला, "मीही फक्त उजेडच टाकत होतो गं."

"तो माणूस चांगला नाही, मामा. आणि हे असं केलं की आपल्या एकाही मुलाला तिथे पाठवावं लागत नाही. कुणाची आई..."

"तिकडच्या आया?" मामीने वाक्य पुरं केलं, आणि ताट उचलून आत गेली.

चिमणी पुन्हा मुंग्यांकडे बघू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला खात्री आहे, मामा. शंभर टक्के. मग झोप का लागत नाही?"

मामा उठून खुंटीपाशी गेला. तिथे थिएटरची किल्ली होती.

शनिवारी दुपारी खेळ नसतो. रिकामं थिएटर दुपारी झोपल्यासारखं असतं. खुर्च्या मिटलेल्या, पडदा जड, आणि वरच्या झरोक्यातून एक उन्हाची तिरीप येऊन त्यात धूळ तरंगत असते. वर खिडकीत आता नवा दिवा बसला होता. नटाने खिशात बटणाएवढी एक वस्तू ठेवायची, दिवा आपला आपण त्याला शोधून काढतो. तो बसवणाऱ्या इंजिनिअरला मामाने विचारलं होतं, "आणि चुकला तर खाली कोण उतरतं?" इंजिनिअर म्हणाला होता, "चुकत नाही, काका." मामाचा काळा दिवा कोपऱ्यात फडक्याखाली होता. त्याने फडकं काढलं, वायर जोडली. म्हातारा दिवा खोकल्यासारखा दोनदा लुकलुकला आणि पेटला.

"आता मला तुझं अंगण दाखव," मामा वरून ओरडला. "सांगू नकोस कुठलं ते. नुसतं दाखव."

चिमणीने स्टेजवर खडूने रेघा मारल्या. ही भिंत. ही पाण्याची टाकी. हे झाड. हा कोंबड्यांचा खुराडा. हे दार, आणि दाराशी ही पायरी. मारता मारता तिचा हात हलका झाला. ते अंगण तिला स्वतःच्या घरापेक्षा जास्त पाठ होतं. कुठल्या वेळी कुठे ऊन येतं, कोंबड्या कधी आत जातात, दोरीवर कपडे कोणत्या वारी असतात. विंगेत कुठल्याशा नाटकातली जाड शाल पडली होती, ती तिने डोक्यावरून घेतली.

"तिथे थंडी आहे. सगळे असंच अंगाभोवती लपेटतात. चेहरा दिसत नाही."

"हात वर कर," मामा म्हणाला.

तिने हात वर केला. उजेड आला. आणि चिमणी त्या माणसासारखी चालू लागली.

काय चालली! मामा थक्क झाला. एकेचाळीस दिवस बघून बघून ती चाल तिच्या अंगात उतरली होती. दारातून टाकीपर्यंत, टाकीपासून खुराड्यापर्यंत, डावा पाय फरशीवर घासत. उजेडाचा गोल तिच्यामागे सरकत होता, गोलाच्या कडेला धूळ चमकत होती. मामाला वाटलं, आपण स्वप्नात आहोत, आणि खाली चालतोय तो कुणी तरी तिसराच आहे. ना चिमणी, ना तो फाइलीतला माणूस. ओळखीचा कुणीतरी. ही चाल आपण पाहिली आहे. कुठे पाहिली?

त्याने दिवा थांबवला.

"थांब. पुन्हा चाल. फक्त खांद्याकडे लक्ष दे."

ती पुन्हा चालली.

"तुझा खांदा झुकत नाहीये."

"त्याचाही झुकत नाही. जसा आहे तसाच करतेय मी."

"अगं, ज्याचा पाय अधू असतो तो सगळ्या अंगाने अधू चालतो. एक खांदा खाली जातो, दुसरा हात तोल सांभाळायला बाहेर येतो. चाळीस वर्षं वरून लंगडे बघितलेत मी, खरेही आणि नाटकातलेही. ही चाल पायातली नाही, चिमणे. ही पायात जे घातलंय त्यातली आहे. त्याच्या पायात काय असतं?"

"चप्पल. मोठी आहे. डावी घसरते थोडी." चिमणी उजेडात थांबली होती. "दाराशी पायरीवर असते. बाहेर पडताना घालतो, आत जाताना काढतो."

"पायरीवर किती जोड असतात?"

"एक."

"आणि घरात माणसं?"

"खबरीप्रमाणे चार. तो धरून."

मामाचा आवाज वरून अगदी हळू आला. "मग बाकीचे तिघं अंगणात यायचे तर काय घालून येतात?"

चिमणीने दाराच्या रेघेकडे बघितलं. उजेडात तिची सावली पायाशी गोळा झाली होती.

"ते... ते बाहेर येत नाहीत," ती शेवटी म्हणाली. "आम्ही तसं लिहिलंय. एकेचाळीस दिवसांत तिघांपैकी कुणीही बाहेर आलेलं नाही. फक्त तो येतो. दिवसातून बारा-बारा वेळा. कोंबड्यांना दाणे टाकतो, पाणी भरतो, कपडे वाळत घालतो. अस्वस्थ माणूस आहे, एका जागी बसत नाही, असं मी स्वतः..."

आणि ती खाली बसली. खडूने काढलेल्या पायरीवर.

"सावली कमी-जास्त यायची," ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "कधी उंच माणसाची, कधी बुटक्याची. आम्ही म्हटलं, उन्हाची वेळ वेगळी असेल. मामा, घरातलं जे कुणी बाहेर येतं ते तीच चप्पल अडकवून येतं. आपल्या घरात नाही का, मी लहानपणी तुझ्या चपला घालून फटक फटक करत दूध आणायला जायची..."

मामाने दिवा बंद केला. तेवीस पायऱ्या आता त्याला सोसत नव्हत्या, कठड्याला धरून एकेक उतरत तो खाली आला आणि तिच्याशेजारी, त्या नसलेल्या पायरीवर बसला. झरोक्यातलं ऊन टाकीच्या रेघेवर आलं होतं. तिथेच बसून त्याने तिला शिंपीदादांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. बूट, खिळा, रुमाल, नमस्कार.

"मला वाटलं होतं मी माणूस ओळखतो," तो म्हणाला. "मी बूट ओळखत होतो. पण माझ्या उजेडाने नुसती लाज गेली एका माणसाची. मी खाली उतरून माफी मागू शकलो. तुझ्या त्या खोलीला पायऱ्या आहेत का गं?"

चिमणीने मान हलवली. नाहीत.

"आणि त्या चौघांत तो खरंच असला तर, मामा? असेलही. मी नाही म्हटलं, आणि पुढच्या महिन्यात त्याने आणखी कुठे..."

 मामी तिथे असती तर तिलाही ते वाक्य पुरं करता आलं नसतं.

रविवारी दुपारी चिमणी गेली. दारात मामाच्या चपला होत्या. त्यांच्याकडे बघून तिने आपल्या बुटांचे बंद बांधले. मामीने डबा दिला, मामाने काहीच दिलं नाही, नुसता हात वर केला.

सोमवार आला आणि गेला. तीन आठवडे तिचा फोन नाही. मामा गच्चीत खुर्ची टाकून बसायचा, आणि डोळा लागला की ते अंगण यायचं. टाकी, झाड, दोरीवर वाळत घातलेले कपडे. चप्पल दाराशी. दार उघडायचं, आणि शाल लपेटून कोण बाहेर येतंय ते कळायच्या आत जाग यायची. मामी म्हणायची, "अहो, झोपेत हात कसले फिरवता?" त्याला कळायचं, आपण दिवा बाजूला वळवत होतो.

चौथ्या शनिवारी दार वाजलं. चिमणी. पाठीवर मोठी पिशवी. आत आली, मामीच्या हातून पाणी घेतलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "मी 'तोच' म्हटलं नाही."

मग तिने सांगितलं. सोमवारी सकाळी खोलीत सगळे जमले होते. तिची वरिष्ठ बाई मागे उभी होती. पडद्यावर दार उघडलं, कुणीतरी चप्पल अडकवली आणि पाय ओढत टाकीपर्यंत आलं. बाईने विचारलं, "तोच?" आणि त्याच क्षणी अंगणातल्या त्या माणसाने, का पोरीने, का म्हातारीने, वर बघितलं आणि हात वर केला.

"डोळ्यावर ऊन येत असेल, मामा. मला ठाऊक आहे. माझ्यासाठी नव्हता तो हात. पण मी म्हटलं, ओळख पटत नाही. त्या म्हणाल्या, एकेचाळीस दिवसांनंतर? मग मी चपलेचं सांगितलं. रविवारी जाताना गाडीत सगळं लिहून काढलं होतं, ते दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.  मग त्या म्हणाल्या, 'म्हणजे एकेचाळीस दिवस आपण चप्पल बघत होतो?'"

"मग?" मामा म्हणाला.

"त्या दिवशी काही झालं नाही. मला त्या खुर्चीवरून उठवलं, कागदांच्या खोलीत बसवलं. तिथे पंधरा दिवस काढले आणि राजीनामा दिला. त्या अंगणाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. कळणारही नाही. पण माझा कागद फाइलीत पहिल्या पानावर लागलाय, बाईंनी स्वतः लावला. माझ्यानंतर जो कुणी बसेल त्याला तो आधी वाचावा लागेल."

"माणूसच बसणार आहे ना?" मामाने विचारलं. त्याला तो नवा दिवा आठवला होता.

"सध्या तरी," चिमणी म्हणाली.

मामीने तिच्या केसांवरून हात फिरवला. वाक्य पुरवलं नाही. नुसती म्हणाली, "जेव आधी."

जेवून ती पोटभर झोपली, आणि दुपार कलताना उठून म्हणाली, "मामा, किल्ली घे."

थिएटरात तीच धूळ, तीच तिरीप. स्टेजवरच्या खडूच्या रेघा मधल्या खेळांत नटांच्या पायांनी पुसल्या होत्या, खुराड्याचा एक कोपरा तेवढा उरला होता. चिमणी तेवीस पायऱ्या धडधडत चढून वर गेली, लहानपणी जायची तशी. मामाने एक खुर्ची ओढून स्टेजच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसला. चाळीस वर्षांत तो इथे असा कधी बसला नव्हता. इथून ती खिडकी किती लहान दिसत होती! आणि तिच्यामागे कोण आहे ते तर मुळीच दिसत नव्हतं. शिंपीदादांना काय वाटलं असेल ते त्याला आज कळलं.

वर दिवा खोकल्यासारखा दोनदा लुकलुकला. मग काहीच नाही. मामा वाट बघत राहिला.

"अगं, टाक की!" तो ओरडला. "वायर ढिली आहे का?"

"वायर बरी आहे," वरून आवाज आला. "हात कुठे आहे तुझा?"

मामा हसला. डोळे पुसले, खुर्चीवर ताठ बसला, आणि त्याने हात वर केला.